कलमाच्या चाकूला मसाला कोणता लावावा?

मृगाचा पाऊस स्थिरावला की कोकणात आंब्याच्या कोयी रुजतात आणि कोय कलमांची घाई सुरू होते. पुढे भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास नाशिक-सांगलीकडे द्राक्षाच्या खुंटांवर कलमे चढतात. थंडीत नागपूर-अमरावतीकडे जंभेरीच्या रोपांवर संत्र्याचे डोळे भरले जातात. तिन्हीकडे पिके निराळी, माणसे निराळी, पण हत्यार एकच. वीतभर लांबीचा, पातळ पात्याचा कलमाचा चाकू.

खत, रोप, कलमकाडी, बांधायची पट्टी यांबद्दल आपण चार जणांना विचारतो. चाकूच्या धारेबद्दल कोणी विचारत नाही. धार लावायची ती दगडावर दोन हात मारून, एवढीच आपली समजूत. अलीकडे मात्र तालुक्याच्या हार्डवेअर दुकानात आणि मोबाईलवरूनही पॉलिशच्या रंगीबेरंगी वड्या, लहान पिचकारीतली हिऱ्याची पेस्ट, चामडे चिकटवलेल्या फळ्या असे काय काय मिळू लागले आहे. हिरवी घ्यावी की पांढरी, लाल चालेल का, हिऱ्याची पेस्ट खरोखर हिऱ्याची असते का, असे प्रश्न बागायतदार मंडळी विचारतात. त्यात पैसाही जातो आणि कधी कधी हंगामही जातो. म्हणून आज याच विषयावर चार शब्द लिहितो.

प्रथम धारेचा आणि कलमाचा संबंध नीट समजून घेऊ. झाडाच्या सालीखाली वाढीचा एक अतिशय पातळ थर असतो. खुंटाचा हा थर आणि कलमकाडीचा हा थर एकमेकांना भिडले, तरच दोन्ही जिवंत जोडले जातात. धारदार चाकूने एका ओढीत काप घेतला तर कापलेला भाग सपाट आणि तुकतुकीत येतो. बोथट चाकूने तोच काप घेतला तर पेशी चिरडतात, साल सुटते, पाचर मध्येच फुगीर होते आणि जोडात पोकळी राहते. त्या पोकळीत हवा शिरते, काडी वाळते, पाठोपाठ बुरशी येते. आणि दोष दिला जातो तो कलमकाडीला, पावसाला, नाहीतर बांधणाराच्या हाताला.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका वाडीवर एक काकी आणि त्यांची सून मिळून दर पावसाळ्यात हापूसची कोय कलमे बांधून विकतात. त्या पैशावर धाकट्या मुलीच्या कॉलेजची फी भरायची, असा घरचा हिशेब. एका वर्षी कलमे भराभर वाळू लागली. शंभरातली निम्मीसुद्धा हिरवी राहिनात. मी गेलो तेव्हा काकी म्हणाल्या, "साहेब, काड्या त्याच झाडाच्या, हात तोच, पाऊसपण बरा. चाकू तर यंदा मुलाने शहरातनं नव्यासारखा करून आणलाय." चाकू हातात घेतला. तोंड दिसावे असा लखलखीत. स्टीलची भांडी चमकवणाऱ्या कारखान्यात मशीनच्या चाकावर धरून आणलेला. पण धार उजेडाकडे करून पाहिली तर कडेवर टोकापासून मुठीपर्यंत पांढरी रेघ चमकत होती, आणि टोकाजवळ पात्यावर निळसर झाक आली होती. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा!

ती पांढरी रेघ म्हणजे बोथटपणाची खूण. खरी धार इतकी बारीक असते की तिच्यावर उजेड ठरत नाही. उजेड चमकला म्हणजे तिथे कड गोल झाली आहे. आणि निळी झाक म्हणजे पाते तापून त्याचे पाणी उतरले आहे. पाणी उतरलेल्या पोलादाला धार लागते, पण टिकत नाही. आम्ही निळा भाग दगडावर झिजवून काढला, धार नव्याने लावली, चामड्यावर फिरवली, आणि उरलेल्या रोपांवर पुन्हा कलमे बांधली. ती चांगली लागली. गेलेली मात्र गेली. फीचे पैसे त्या वर्षी उसने आणावे लागले.

चकाकी आणि धार या दोन वस्तू वेगळ्या आहेत, हे या उदाहरणावरून लक्षात यावे. मसाला कोणता, हा प्रश्न त्यानंतरचा.

दगडाचे काम वडीने होत नाही

धार दगड लावतो. वडी फक्त तिची शेवटची सफाई करते. बाजारात मिळणारा दुतोंडी कार्बोरंडम दगड, म्हणजे एक बाजू भरड आणि दुसरी बारीक, हा घरात असायलाच हवा. त्याला जोड म्हणून हजार नंबरचा एखादा बारीक दगड घेतला तर कलमाच्या चाकूसाठी उत्तमच. चाकू बोथट असेल तर तो चामड्यावर तासभर घासला तरी धार येणार नाही. उलट असलेली कड आणखी गोल होईल.

दगड पाण्याने भिजवून घ्यावा. पाते दगडावर थोडे तिरपे टेकवून, तोच कोन राखून, मुठीपासून टोकापर्यंत घासावे. घासता घासता पलीकडच्या बाजूला एक बारीक उलटलेली कड येते. अंगठा पाठीकडून धारेकडे हळूच सरकवला की ती तारेसारखी लागते. ही तार पात्याच्या सर्व लांबीवर आली, म्हणजे त्या बाजूचे काम झाले. मग दुसरी बाजू, नंतर दगडाची बारीक बाजू, आणि शेवटी अगदी हलका हात.

येथे एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. कलमाच्या पुष्कळ चाकूंना एकाच बाजूने उतार असतो आणि दुसरी बाजू सपाट असते. त्या सपाट बाजूमुळेच पाचर सरळ उतरते. अशा चाकूची सपाट बाजू दगडावर पूर्ण आडवी टेकवूनच घासायची, आणि तीही फक्त तार काढण्यापुरती. ती बाजू तिरपी धरून घासली की चाकू बिघडला. मग काप वाकडा येतो आणि कारण सापडत नाही. नवा चाकू घेताना कोणत्या बाजूला उतार आहे ते पाहूनच घ्यावा. डावखुऱ्या माणसाला उलट उतार लागतो.

दगडावरून उचललेल्या धारेला ही तार थोडीफार चिकटलेली राहते आणि कडेवर दगडाचे ओरखडे असतात. ते काढून धार सरळ करणे एवढेच चामड्याचे आणि मसाल्याचे काम.

रंगावर जाऊ नये, पण रंग ओळखावा

मसाला म्हणजे अतिशय बारीक कठीण भुकटी, मेणात किंवा चरबीत घोळवून केलेली वडी. दुकानदार तिला बफिंगचा साबणही म्हणतात. भुकटी कशाची आणि किती बारीक, यावर तिचा गुण. रंगाचा कायदा कोठे नाही, प्रत्येक कारखानदार आपापला रंग देतो. तरीपण बाजारात साधारण एक रीत पडलेली आहे.

हिरवी वडी क्रोमियम ऑक्साईडची. याचा कण साधारण अर्धा मायक्रॉन असतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस सत्तर मायक्रॉनच्या आसपास जाड असतो, त्यावरून अंदाज करा. कण बारीक आणि पोलादापेक्षा कठीण, म्हणून कलमाच्या चाकूला हीच वडी माझ्या मते सर्वांत योग्य. हिरव्या वडीत काही जण कुरुंदाची भुकटीही मिसळतात. बारीक असेल तर त्याने बिघडत नाही, उलट काम लवकर होते. काहींना क्रोमियम म्हटले की विष वाटते. चामडे कमावण्याच्या कारखान्यांच्या सांडपाण्यात ज्या क्रोमियमची भीती असते, तो प्रकार निराळा. हा हिरवा ऑक्साईड पाण्यात विरघळत नाही. तरी हात धुवावेत आणि वडी उंचावर ठेवावी, कारण ती हुबेहूब रंगीत खडूसारखी दिसते आणि लहान मुले ती उचलतात.

पांढरी वडी बहुधा ॲल्युमिनियम ऑक्साईडची, म्हणजे कुरुंदाचीच बारीक भुकटी. तीही पोलादाला चालते. पण पांढऱ्यात बारीक-भरड असे प्रकार फार. घेताना 'स्टीलच्या शेवटच्या चकाकीची द्या' असे स्पष्ट सांगावे.

लाल वडी लोह ऑक्साईडची. सोनार ज्याने सोने-चांदी उजळतात ती हीच. सोन्याला ठीक, कारण सोने मऊ. कडक पोलादावर ती फार सावकाश काम करते. घरात असेल तर वापरा, मुद्दाम विकत घेऊ नका.

तपकिरी वडी ट्रिपोलीची. ती मऊ सिलिकायुक्त दगडाच्या भुकटीची असते आणि पितळ, तांबे, ॲल्युमिनियम यांसाठी बनवलेली असते. चाकूला नको. मशीनवर ती वापरताना उडणारी धूळ फुप्फुसालाही वाईट. काळी वडी बहुधा एमरीची, तीही भरड. गंज काढायला बरी, धारेच्या सफाईला नाही.

हिऱ्याची पेस्ट खरोखरच हिऱ्याची असते. कारखान्यात तयार केलेल्या हिऱ्याची भुकटी. पिचकारीवर मायक्रॉनचा आकडा छापलेला असतो, आणि काम हिरवीपेक्षा कितीतरी झपाट्याने होते. पण आपल्या साध्या पोलादी चाकूला तिची गरज नाही. परदेशी बनावटीचे अतिकठीण पाते असेल आणि दिवसाला शेकड्याने कलमे होत असतील, तर रोपवाटिकावाल्याने एक मायक्रॉनची घ्यावी. इतरांनी ते पैसे चांगल्या दगडात घालावेत.

वडीबद्दल शंका असेल तर घरीच परीक्षा करता येते. जुन्या स्टीलच्या चमच्याच्या पाठीवर, जेथे चकाकी शाबूत आहे तेथे, फडक्याला थोडी वडी लावून जोराने घासा. मग पुसून तिरप्या उन्हात पाहा. ओरखडे दिसले तर ती भरड. चकाकी वाढली किंवा तशीच राहिली तर चाकूला लावायला हरकत नाही.

घरगुती उपायांविषयीही लोक विचारतात. चुलीची राख चाळली तरी तिच्यात वाळूचे कण राहतात. रांगोळी आणि विटेची भुकटी याहून भरड. तवा घासायला ती ठीक. ट्रॅक्टरच्या मेस्त्रीकडची व्हॉल्व्ह घासायची पेस्ट काही हुशार मंडळी चामड्याला लावतात. ती कार्बोरंडमची असते. डबीवर 'बारीक' लिहिलेले असले तरी धारेच्या मानाने ती खडबडीतच. पितळ उजळायचे पातळ पॉलिश आणि दात घासायची पेस्ट थोडे काम करतात, पण थोडेच. अडचणीच्या वेळी चालतील. नुसते कोरडे चामडे त्याहून वाईट नसते.

चामडे कोणते?

पूर्वी गावच्या न्हावीदादाच्या खुंटीला चामड्याचा पट्टा लटकत असे. दाढीपूर्वी वस्तरा त्यावर पाच-सात वेळा सपसप फिरे. आता सलूनमध्ये पाते बदलायचा वस्तरा असतो. आरोग्याच्या दृष्टीने ते चांगलेच झाले, पण पट्टा गेला आणि त्याबरोबर तो फिरवायची कलाही गेली.

चामडे घट्ट हवे. बाभळीची साल आणि हिरडा यांवर कमावलेले म्हशीचे चामडे यासाठी उत्तम. कोल्हापुरी चपला याच रीतीने कमावलेल्या चामड्याच्या होतात. चपला करणाऱ्या कारागिराकडे वीतभर लांब, तीन बोटे रुंद तुकडा सहज मिळतो. बूट-पिशव्यांचे मऊ, लवचिक चामडे घेऊ नये. दाब पडला की ते खाली बसते आणि धारेभोवती वर उचलते, मग धार गोल होते. तुकडा सपाट फळीवर सरसाने किंवा चांगल्या गोंदाने चिकटवून वर वजन ठेवून रात्रभर सुकवावा. गुळगुळीत बाजू वर ठेवली तर सफाई अधिक चांगली होते.

चामड्याला हात लावायचा नसेल तर दुसरा मार्ग आहे. बांधावरच्या घायपाताला फुलोऱ्याचा दांडा येतो. तो वाळल्यावर उभा चिरून आतला सपाट गाभा धार परजायला वापरण्याची रीत जुनी आहे आणि ती वस्तऱ्यासाठीसुद्धा चालत असे. त्यावर हिरवी वडी घासली की झाले. मऊ लाकडाची रंधलेली फळीही चालते.

वडी लावताना चामडे थोडा वेळ उन्हात ठेवावे. मग खडूने पाटीवर रेघा ओढाव्यात तशी वडी फिरवून बोटाने पसरावी. थर पातळच हवा. ढेकळे राहिली तर पाते त्यांवर उड्या मारते. पाते चामड्यावर त्याच्या उताराएवढेच तिरपे टेकवावे आणि पाठ पुढे, धार मागे असे ओढावे. दगडावर धार पुढे चालते, येथे उलट. धार पुढे गेली की चामडे कापलेच समजा. टोकाला आल्यावर पाते पाठीवरून उलटवावे, धारेवरून नव्हे. दोन्ही बाजूंनी पंधरा-वीस वेळा पुरे. एका उताराच्या चाकूला सपाट बाजूने चार-पाच वेळा, तेही पूर्ण आडवे. हात इतका हलका असावा की फक्त चाकूचे वजन पडावे. दाबले की कड गोल.

चामड्यावर काळे पट्टे उमटतात. ते झिजलेले पोलाद. पुष्कळ दिवसांनी चामडे काळे आणि चकचकीत झाले की बोथट सुरीने वरचा थर खरवडून नवीन वडी लावावी. एका चामड्यावर दोन प्रकारच्या वड्या कधीही लावू नयेत. भरडाचा एक कण राहिला तरी बारकाचे सगळे काम वाया जाते.

झाली की नाही, हे केस कापून पाहण्याची काही जणांना हौस असते. त्यापेक्षा पेरूची किंवा आंब्याची हिरवी काडी घ्या आणि कलमाला घेतो तसा लांब तिरका काप एका ओढीत घ्या. कापलेल्या भागावर रेघा नसाव्यात, साल कोठेही सुटलेली नसावी. झाडच परीक्षक आहे, दुसरा कशाला?

विळ्याला वडी नको

काही उत्साही तरुणांनी विळे, खुरपी, कोयते सगळ्यांनाच हिरवी वडी फासल्याचे पाहिले आहे. हा व्यर्थ खटाटोप. विळ्याला दगडाने आलेली थोडी खरखरीत धारच हवी. ती ज्वारीचे ताट किंवा भाताचा मूठभर चूड धरून कापते. गुळगुळीत केलेली धार काडावरून घसरते. शिवाय गवत आणि भाताच्या काडात सिलिका असते, त्यापुढे ती बारीक सफाई एक वाफासुद्धा टिकत नाही. विळ्यासाठी खरा उपाय म्हणजे कमरेला दगडाचा लहान तुकडा बांधून दर तासा-दोन तासांनी चार हात मारणे. कापणीत वाकलेली आपली माय-बहीण बोथट विळ्याने दिवसभर ओढत राहिली तर रात्री मनगट आणि खांदा धरून बसते. घरातल्या पुरुषाने सकाळी सगळे विळे पाजवून दिले तर त्यात कमीपणा नाही. वैभव विळ्यासारखे दातेरी विळे मात्र साध्या दगडावर घासू नका. दाते गेले की तो विळा संपला.

छाटणीच्या कात्रीचेही तसेच. फक्त कापणाऱ्या पात्याची बाहेरची उताराची बाजू बारीक दगडाने घासावी, आतली बाजू सपाट ठेवावी. डाळिंबाच्या बागेत धारेइतकेच निर्जंतुकीकरण महत्त्वाचे, कारण तेल्या रोगाचे जिवाणू कात्रीवरून एका झाडाचे दुसऱ्या झाडावर जातात. झाड बदलताना कात्री सोडियम हायपोक्लोराईटच्या द्रावणात बुडवावी. या द्रावणाने लोखंड गंजते, म्हणून संध्याकाळी कात्री धुऊन, पुसून, तेलाचे बोट फिरवून ठेवावी.

पात्याची चरबी आधी पुसा

वड्यांच्या वेष्टनावर एक गोष्ट लिहिलेली नसते. मसाल्यातले मेण आणि चरबी पात्याला चिकटून राहते. तसाच चाकू कलमाला लावला तर त्या तेलकट थराचा अंश ताज्या कापावर जातो, आणि जोड जेथे धरायचा तेथेच अडसर होतो. म्हणून चामड्यावरून उचललेला चाकू स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाने दोन्ही बाजूंनी पुसल्याशिवाय झाडाला लावू नये. जंतूही मरतात, दोन्ही कामे होतात. पुसताना पाठीकडून धारेकडे पुसावे, धारेवरून बोट ओढू नये.

आंबा आणि काजूचा चीकही पात्यावर चढतो. तो वाळला की चाकू बोथट झाल्यासारखा वाटतो आणि माणूस उगाच दगडाकडे धाव घेतो. आधी स्पिरिटने पुसून पाहा. त्यानेही काप रेघाळ येत असेल तर चामड्यावर आठ-दहा हात. त्यानेही होत नसेल तरच बारीक दगड. भरड दगडाची वेळ हंगामात एकदाही येऊ नये. खाच पडली किंवा चाकू दगडावर आपटला तरच ती येते.

हल्ली काही जण कागद कापायच्या कटरचे पाते वापरतात आणि बोथट झाले की टाकून देतात. कोवळ्या कोय कलमाला ते चालते, त्यात चूक नाही. पण जून काडीत ते पाते लवते आणि पाचर पोटात वाकडी उतरते. द्राक्ष किंवा जाड खुंटासाठी ताठ पात्याचा चाकूच बरा. वापरलेली पाती बागेत टाकू नका, पत्र्याच्या डब्यात साठवा. अनवाणी पाय आणि गुरांचे खूर दोन्ही त्या बागेतून जात असतात.

कोकणातल्या वाचकांसाठी एवढेच आणखी. पावसाळ्यात चामड्याला बुरशी येते, आणि वडीच्या चरबीच्या वासाने उंदीर ते कुरतडतात. फळी कोरड्या फडक्यात गुंडाळून पत्र्याच्या डब्यात ठेवावी, आणि ऊन पडेल त्या दिवशी घटकाभर बाहेर काढावी. चाकूला त्याच डब्यात ठेवायचे असेल तर वेगळ्या फडक्यात, तेल लावून ठेवावा, चामड्याच्या ओलीने पाते गंजता कामा नये.